तासाभराचं विमान

हसू नका, पण यंदाच्या संक्रांतीला माझ्या धाकट्या जावेनं, कौसाबाईनं, माझी झोप उडवली. मी शाळेची पायरी चढले नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं शिकले आणि जाफराबादच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या नव्या नवरींना उखाणे मीच जुळवून दिले. हळदीकुंकवाला सगळ्यात भारी उखाणा माझाच, हे ठरलेलं.

कौसाबाई नुकतीच लेकाकडं विमानानं जाऊन आल्ती. तिनं नाव घेतलं,

"संभाजीनगर ते मुंबई, विमान घेतं तासभर,
भाऊरावांचं नाव घेते, बसून आले ढगावर."

बायांनी टाळ्या पिटल्या.

मी म्हटलं, "मंग अंतर किती गं?"

"तासभर."

"तास म्हणजे वेळ. मी अंतर विचारून राह्यले."

"आक्का, अंतर एसटीत बसणाऱ्यांनी मोजावं. आम्हाला वर काही कळत न्हाई."

बाया खो खो हसल्या. मला नाव घ्यायला सांगितलं, तर घसा बसलाय म्हणून मी उठलेच.

घरी येऊन पुण्याच्या पोराला फोन लावला. "मला दिल्लीचं विमान काढून दे. दोन तास लागतात म्हणे."

"आई, दिल्लीत आपलं कोण हाय?"

"कुणी नसू दे. पुढच्या संक्रांतीच्या आत बसव. उखाणा तयार हाय, विमानाचंच तेवढं राह्यलंय."