खुर्चीचा तास

बाई : ...आणि कॉलर जळाली तर मला बोलायचं नाही. इस्त्री आधीच तापलीय, त्यात तुम्ही आलात.

साहेब : बाई, मी कोटासाठी नाही आलो.

बाई : कोट तर तुमचाच आहे. सकाळी तुमचा ड्रायव्हर टाकून गेला. उद्या चौकशी समितीपुढे घालून बसणार असाल. कडक करून देते, काळजी नको.

साहेब : इतकी वर्षं आमच्या शाळेत शिकवलंत आणि आता भावाच्या लाँड्रीत उभ्या राहून कपडे... खरंच सांगतो, बघवत नाही हो.

बाई : अगं बाई! बघवत नाही? मला नोटीस दिलीत तेव्हा बरं बघवलं. "जग बदलतंय बाई, मूल्यशिक्षणाला आता कोण विचारतो?" हे कुणाचे शब्द? वर चहासुद्धा पाजला नाहीत.

साहेब : पालकांचीच डिमांड होती. मुलांना उद्याच्या जगासाठी तयार करायचं तर कॉम्प्युटर हवेत, कोडिंग हवं. प्रामाणिकपणा काय, मुलं घरीही शिकतात.

बाई : कुणाच्या घरी? तुमच्या?

साहेब : टोमणे मारू नका.

बाई : का नको? दिवसभर दुसऱ्यांच्या सुरकुत्या काढते, तेवढीच करमणूक. माझ्या तासाची खोली रिकामी केलीत, तिथे मशिनं मांडलीत. गेल्या आठवड्यात तिथे पुढच्या दाराशीच वायर जळाली, धूर कोंडला, पोरं जीव मुठीत घेऊन मागच्या दाराकडे धावली. आणि दाराला हे एवढं कुलूप! झाली तयार उद्याच्या जगासाठी?

साहेब : हळू बोला. गिऱ्हाइकं ऐकतील.

बाई : ऐकू देत. फुकटात ऐकू देत.

साहेब : किल्ली वायरिंगचं बघणाऱ्या मदतनिसाकडे होती. तो घाबरून पळाला. रिपोर्टमध्ये तसंच आहे.

बाई : वायरकाका पळाला? पोरांना काढायला नुसत्या हाताने खिडकीची काच फोडली त्याने. पंजाला टाके पडलेत. त्याची बायको आली होती इथे, तुमच्या नावाने बोटं मोडत होती. मी पण मोडली तिच्याबरोबर, खोटं कशाला बोलू?

साहेब : बाई, मुद्द्यावर येतो. आमची छकुली उद्या समितीपुढे बोलणार म्हणते.

बाई : माहितेय. म्हणून तर तुम्ही दारात.

साहेब : म्हणते, कुलूप बाबांनी लावलं आणि किल्ली बाबांच्या ड्रॉवरमध्ये होती, हे सांगणार. सख्ख्या बापाविरुद्ध! तिची आई रडून अर्धी झाली. मी चिडलो, समजावलं, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. एकच पालुपद, बाईंनी शिकवलंय.

बाई : शिकवलंय तर! मीच शिकवलंय.

साहेब : मग तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल ती. म्हणावं, नीट आठवत नाही एवढंच सांग. खोटं बोल असं मी म्हणतच नाहीये.

बाई : वा! आणि वायरकाका?

साहेब : त्याला वकील देतो. नंतर दुसरीकडे कुठेतरी चिकटवतो. जरा प्रॅक्टिकल व्हा. मी तुम्हाला परत घेतो, सन्मानाने. तास, खोली, सगळं परत.

बाई : खोली तर जळाली की हो.

साहेब : दुसरी देतो.

बाई : साहेब, ते स्टूल ओढा आणि बसा. कधीपासून कुणाला तरी सांगायचं होतं, तुमच्याइतका योग्य माणूस मिळणार नाही. तुम्ही नोटीस दिलीत, पण सत्र संपेपर्यंत मला ठेवलंत. ती तुमची चूक झाली. त्या सत्रात मी सगळ्यांना शिकवलं, पण तुमच्या पोरीला जीव ओतून शिकवलं. मुद्दाम.

साहेब : मुद्दाम म्हणजे?

बाई : सूड म्हणून. तुमच्या गाडीच्या काचा फोडल्या असत्या तर तुम्ही दुपारपर्यंत नव्या बसवल्या असत्या. म्हणून मी तुमच्या घरातच एक खरं बोलणारं माणूस बसवलं, तुमच्या जेवणाच्या टेबलावर, तुमच्या समोरच्या खुर्चीत. घ्या, आता तिला द्या नोटीस.

साहेब : तुम्ही शिक्षिका आहात की कोण? लेकराला हत्यार केलंत माझ्याविरुद्ध?

बाई : झोंबलं? झोंबू दे. मी रोज संध्याकाळी पाय सुजवून घरी जाते, तेव्हा हेच आठवून झोप लागते मला.

साहेब : तो तुमचा भिकार तास! काय ते नाव, खुर्चीचा तास!

बाई : घरी सांगायची वाटतं? माझी खुर्ची मधोमध ठेवायची, मी खाली मुलांत बसायची. खुर्चीत बसेल त्याने एक खरी गोष्ट सांगायची. पण कुणाही सोम्यागोम्याची नाही. आपल्याला जे माणूस सगळ्यात आवडतं, त्याची आधी. नावडत्याबद्दल खरं बोलायला कसली हिंमत लागते? जिभेला खाज असली की पुरे. आणि ज्याच्याबद्दल सांगितलं त्याने उत्तर देताना "पण" म्हणायचं नाही. छकुली पहिल्यांदा बसली तेव्हा मुसमुसत म्हणाली, "बाबा घरात असतात आणि मला फोनवर सांगायला लावतात, बाबा घरी नाहीत."

साहेब : ती गाडीत बसलीय. बोलावतो. तिच्या तोंडावर सांगा की हे सगळं सूड म्हणून शिकवलं.

बाई : बोलवा की. आणि तिला विचारा उद्याचं, माझ्यासमोर. मला तुमचं तोंड बघायचंय.

(मुलगी आत येते. शाळेचा गणवेश, हातात पाण्याची बाटली.)

मुलगी : बाई, किती वाळलात तुम्ही.

बाई : उभं राहून राहून, दुसरं काय! ये, माझ्या राणी. तुझ्या बाबांना सांग बरं, उद्या काय बोलणार आहेस. कुणाला भ्यायचं नाही.

मुलगी : मुलं मागून पळून जातात म्हणून बाबांनी कुलूप लावलं. किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती. धूर झाल्यावर वायरकाका ऑफिसकडे धावत आले, पण आत मीटिंग होती, शिपायाने सोडलं नाही. ते तसेच मागे धावले. मी व्हरांड्यातच होते.

साहेब : छकुली, बापाला आत टाकणार तू?

मुलगी : मग वायरकाकांना टाकायचं का?

बाई : शाब्बास! याला म्हणतात माझी विद्यार्थिनी! ऐकलंत साहेब? पुन्हा सांगायला लावू?

मुलगी : बाई, शाब्बास नका म्हणू.

बाई : का गं?

मुलगी : मला तुमच्याशी पण बोलायचं होतं. म्हणून आले बाबांबरोबर. तुमचा शाळेतला शेवटचा दिवस आठवतो? तुमच्या पुस्तकांची पिशवी मी धरली होती. तुम्ही म्हणालात, पुढून नको, सगळे बघत बसतील, खोलीच्या मागच्या दाराने जाऊ.

बाई : म्हणाले असेन.

मुलगी : दाराला कुलूप होतं. तुम्ही ओढून बघितलंत. वायरिंगचं काम चालू होतं, तारा लोंबत होत्या. मी म्हटलं, हे बाबांना सांगते. तेव्हा तुम्ही म्हणालात...

बाई : छकुली, पुरे.

मुलगी : म्हणालात, "राहू दे, मुळीच सांगू नकोस. हेच कुलूप एक दिवस तुझ्या बाबांच्या गळ्यात पडेल." आणि हसलात. मी पण हसले.

साहेब : अस्सं! असं आहे होय! म्हणजे बाईसाहेबांना सगळं ठाऊक होतं!

मुलगी : बाबा, तू हसू नकोस. त्याने तुझी चूक काही कमी होत नाही. बाई, इस्त्री उचला. कोट जळतोय.

बाई : जळू दे तो कोट! अगं, रागात होते मी. माणूस रागात काय वाट्टेल ते बोलतं. पण मला काय स्वप्न पडलं होतं की...

मुलगी : "पण" नाही, बाई. तुम्हीच म्हणायचात. "पण" आला की खरं संपलं.

बाई : हे समितीला सांगून कुणाचं भलं होणार आहे? यांचा वकील यावरच उड्या मारेल. सुटतील हे!

मुलगी : नाही सुटणार. मी दोन्ही सांगेन. मी गप्प बसले, ते पण सांगेन. बाबांना मी घाबरायचे, म्हणून नाही बोलले, असं नाही. तुम्ही सांगितलं म्हणून नाही बोलले. आत बिट्टू होती, दुसरीतली. अजून रात्री खोकते.

बाई : मग इथे मला कोण ठेवील? उद्या सगळं गाव म्हणेल, बघा, ही मूल्यशिक्षणाची बाई.

मुलगी : हो. म्हणतील.

बाई : एवढा राग आहे का गं तुला माझा?

मुलगी : तुमचा? नाही हो, बाई. राग असता तर किती सोपं झालं असतं.

साहेब : चल, छकुली. बघून घेऊ उद्या. आणि तुमचा तो नियम मलाही पाठ झालाय बाई. सगळ्यात आवडत्या माणसाचं आधी. म्हणजे उद्या ही तोंड उघडणार ते माझ्यापासून. हेच हवं होतं ना तुम्हाला?

मुलगी : नाही, बाबा. आधी बाईंचं.