पुराव्याची पानं

झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. नर्सच्या गणवेशातली थोरली नवऱ्याला भारतातून इकडे आणायचा व्हिसाचा अर्ज वकिलाशिवाय भरत होती. धाकटीच्या हातात कागदांचा गठ्ठा होता.

"ताई, संसार खरा असल्याचा पुरावा मागतात. म्हणून तुमचे मेसेज छापून आणलेत."

"पण यातलं मी काहीच लिहिलेलं नाही गं."

"तू डबल ड्यूटीवर, फोन घरी. भाऊजी वाट बघत बसायचे. उत्तर दे म्हणून तूच सांगितलंस."

"जेवलास का, झोपलास का, एवढंच विचारशील असं वाटलं. मी घरी येऊन आडवी व्हायचे, मागचं वाचलंच नाही कधी."

"आधी तेवढंच होतं."

थोरलीने एक पान उलटलं. "त्याची नोकरी गेली होती? आणि हे तुला सांगितलं त्याने?"

"तुलाच सांगितलं, ताई. लिहिणारी मी आहे हे त्यांना कुठे ठाऊक होतं?"

"आणि हे? 'लग्नात तू मला फारशी आवडली नव्हतीस. आता तुझ्याशी बोलल्याशिवाय करमत नाही.' यावर काय लिहिलंस?"

"काही नाही. त्यानंतर तुझ्या फोनला हातच लावला नाही मी."

"म्हणून तो महिनाभर मला विचारतोय, तू अशी अचानक का बदललीस."