दिवसाला तीन चमचे

...आणि वर मलाच म्हणतात, मास्तर, तुमचं काळीज दगडाचं आहे! आता तुम्हाला सांगतो, दगडाचं असतं तर मी सेवाग्रामच्या दवाखान्यात या बाकावर येऊन बसलो असतो का? दगडाच्या नळ्या चोंदत नाहीत हो! सरका, सरका थोडं... तुमचा नंबर कितवा? एकतीस? मग भरपूर वेळ आहे. माझा अठ्ठावीस. सत्तावीस नंबर माझी वहिनी, ती आत्ताच आत गेली. तर काय म्हणत होतो... हं, दगड! तेल-तूप सगळं धरून दिवसाला तीन चमचे, एवढंच मी बोललो, आणि तेवढ्यावरून सगळ्या सोयऱ्यांत माझं नाव दगड पडलं.

मी लक्ष्मणराव. अल्लीपूरला शाळेत विज्ञान शिकवतो, पंचवीस वर्षं झाली. माझा मोठा भाऊ बाबाराव, गावात किराणा दुकान होतं त्याचं, तो पोळ्यानंतरच्या आठवड्यात गेला. अठ्ठावन्न वय. दुपारी जेवून उठला, म्हणाला छातीत जळजळते, डावा हात भरून आला. सगळे म्हणाले, वायू आहे, सोडा द्या. दिला. कोणी दिला? मी दिला. विज्ञानाच्या मास्तरनं. पेला विसळून, नीट ढवळून दिला. दादा प्यायला आणि म्हणाला, "आता बरं वाटून राह्यलं." मग तासाभरानं आम्ही जीप केली. इथपर्यंत आलोही.

असो.

तेव्हाच इथल्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं होतं, "सख्खे भाऊ ना तुम्ही? तेरवी झाली की या. तुम्हालाही तपासायचंय." माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, पण आवाज असा की आमच्या हेडमास्तरांनी उभं राहावं! आलो. तिनं दाब मोजला, रक्त काढलं, छातीला वायरी लावून हृदयाची पट्टी काढली, आणि म्हणाली, "काका, दाब एकशे सत्तर. रक्तात चरबी वाढलीय. पट्टी अजून ठीक आहे. अजून! कळलं? तुमच्या दादांना जो वेळ मिळाला नाही तो तुम्हाला मिळालाय." आणि मग जी सुरू झाली... तंबाखूचा खर्रा आजपासून बंद! मीठ अर्धं! रोज चाळीस मिनिटं चालायचं, रमतगमत नाही, भरभर! गोळी रोज, बरं वाटलं तरी रोज! आणि तेल-तूप दिवसाला तीन चमचे. मी हळूच विचारलं, चमचा म्हणजे... वाढायचा? "चहाचा काका, चहाचा!" आणि शेवटी म्हणाली, छातीत दुखलं तर वायू समजून घरी बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. हे तिनं दोनदा सांगितलं. मला एकदाही सांगायची गरज नव्हती.

त्याच दिवशी मी ठरवलं. आपल्या घरात पुन्हा तसला पेला ढवळायचा नाही. खर्रा सोडला, तुम्हाला सांगतो, एका दिवसात सोडला! आठ दिवस सारखा जबडा हलायचा, वर्गातली पोरं म्हणायची सर मनातल्या मनात पाढे म्हणून राह्यले, पण सोडला. इथपर्यंत सगळं सोपं होतं. अवघड काय होतं? जेवणं!

आता आमच्याकडे काय आहे, माणूस गेला, तेरवी झाली, की सोयरे घरच्यांना एकेक करून जेवायला बोलावतात. दुखवट्याचं जेवण. दुःखातून बाहेर काढायचं, तोंड गोड करायचं. प्रेमाची रीत आहे, माझं काही म्हणणं नाही. पण चौदा घरं! आणि प्रत्येक घरी रांधायचं काय? तर गेलेल्याला जे आवडायचं ते! दादाला काय आवडायचं? वडाभात! म्हणजे आधी वडे तेलात तळायचे, मग भातावर कुस्करायचे, आणि त्या तळलेल्या वड्यांवर वरून काय? कडकडीत फोडणीचं तेल! तेलावर तेल! अहो, ज्या ताटावरून दादा उठला तेच ताट चौदा घरी माझ्यापुढं, आणि तेही दादाच्याच नावानं! मी विचारतो, ह्यांना मला दुःखातून बाहेर काढायचं होतं की दादाकडे पोचवायचं होतं?

पहिलं घर चुलतभावाचं, रूपरावचं. पाट मांडला, रांगोळी काढली, आणि रूपराव स्वतः गरम तेलाची वाटी घेऊन डोक्यावर उभा. "मास्तर, हात काढ!" मी काय केलं, शर्टाच्या खिशातून चहाचा चमचा काढला. बस! असे दचकले सगळे, जसं काही मी पिस्तूल काढलं! रांधणीतून बायका डोकावल्या. म्हटलं, रूपराव, एक चमचा टाक. दिवसाला तीन चमचे आहेत, सकाळी पोह्यात एक गेला, रात्रीला एक ठेवायचा आहे.

"एका चमच्यात भात ओला तरी होते का गा?"

म्हटलं, डॉक्टरनं सांगितलं आहे.

"मंग आजचे तीन घे, उद्याचे तीन घे, परवाचे तीन घे! आठवडाभराचं आजच खाऊन टाक अन् सहा दिवस कोरडं राह्य! डॉक्टर का मोजाले येते?"

म्हटलं, रूपराव, हे गणित चुकीचं आहे, आणि ताटावर हात आडवा धरला. मी हात ताटावरून काढला नाही. त्यानं तेल ओतायचं सोडलं नाही. शेवटी तेल माझ्या मनगटावर पडलं, फोड आला, तेव्हा थांबला. आणि म्हणतो कसा, "पाह्य, खाल्लं असतं तर भाजलं असतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ही बातमी एसटीडी बूथवरून कारंज्याला पोचली. कारंजा घाडग्याला आमची भागीरथा आत्या, ऐंशीच्या घरातली. दुसरं जेवण तिच्याकडे. दोन बस बदलून गेलो, तर दारातच, "लक्ष्म्या, काय ऐकून राह्यली मी? पंगतीत चमचा काढतं म्हणे तू! जेवाले गेलता का वैद्याकडं?" पुरणपोळी वाढली. शेजारी वाटीभर तूप. म्हटलं, आत्या, दिवसाला तीन चमचे. "हव, हव," म्हणाली. मी पाणी प्यायला तांब्या उचलला, खाली ठेवून पाहतो तर पोळी तुपात पोहते आहे! मी ताट थोडं सरकवलं. फार नाही, चार बोटं. तर आत्याच्या डोळ्यांतून पाणीच. "तुह्या भावानं जिंदगीत कधी माह्या तुपाले नाई म्हटलं नाई!"

उत्तर माझ्या ओठावर आलं होतं. अगदी ओठावर. ते गिळलं.

"भाऊ जाऊन महिना नाई झाला अन् हा चमचे मोजून राह्यला! दगड आहे, दगड!"

असा तो दगड कारंज्याहून निघाला आणि माझ्याआधी अल्लीपूरला पोचला. माझी बायको सुमित्रा म्हणाली, जाऊ द्या ना, बारा घरं उरली, बारा दिवस खाऊन घ्या, मग पाळा पथ्य. म्हटलं, नाही. दादाही असंच म्हणायचा, दिवाळी होऊ दे, लग्न होऊ दे, मग सोडतो. नाही म्हणजे नाही. पण एकट्यानं किती घरी हात भाजून घ्यायचा? मग डोकं चालवलं. आमचा एक जुना विद्यार्थी आहे, नागसेन, आरोग्य केंद्रात नोकरीला. त्याला म्हटलं, बाबा, तुझं दाब मोजायचं मशीन घे आणि रविवारी माझ्यासोबत चल. आणि सगळ्या सोयऱ्यांना निरोप धाडला. मी जेवायला येतो. पण आधी दाब, मग ताट! घरातल्या चाळिशीवरच्या सगळ्यांनी आधी हात पुढे करायचे!

तिसऱ्या घरी लय हसले. "या, मोजा बाप्पा, आमी काय म्हातारे झालो?" नागसेननं पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा चढला... आणि उतरेचना! घरधनी एकशे नव्वद! त्याच्या बायकोनं उठून तेलाची कढई खाली उतरवली. त्या दिवशी सगळ्यांनी वरण-पोळी खाल्ली. चौथ्या घरी पाचातल्या तिघांचा दाब वर! पाचव्या घरून मग निरोपच आला, "मास्तर, आमची म्हैस व्याली, या रविवारी जमत नाई." सहाव्या घरचे लग्नाला गेले. भर पितृपक्षात कोणाचं लग्न हो? सातव्या घरचा तर मला पाहून गल्लीच बदलतो. बाकीच्या घरी कुठं दाब मोजला, कुठं कुलूपच. पण हळूच सांगतो, सोयऱ्यांतली नऊ माणसं गुपचूप इथं येऊन गोळ्या सुरू करून गेली! बसमध्ये दिसली की खिडकीकडं पाहतात. रूपराव तर डोक्यावरून दुपट्टा ओढून बसला होता. म्हटलं, रूपराव, ओळखलं मी. तर म्हणे, "चूप राह्य ना बे, तीनच चमचे खातो आता!"

तर असा मी जिंकलो होतो. छाती फुगवून फिरत होतो. आणि तेव्हाच वहिनीनं बोलावलं.

सुलोचनावहिनी, दादाची बायको. भिंतीला भिंत लागून घर. दुखवट्याच्या घरानं कोणाला जेवू घालायची रीतच नाही, आणि तिनं तर तेव्हापासून उंबरा ओलांडला नव्हता. मी नागसेनला घेऊन गेलो, सवयच पडली होती. पाहतो तर पाट मांडलेला, ताटात वडाभात, शेजारी गरम तेलाची वाटी. नागसेन मशीन उघडायला लागला, तर वहिनी म्हणाली, "ते राहू द्या, भाऊजी. त्या दिवशी त्याईले मीच रांधून वाढलं होतं. तुमाले लोक दगड तरी म्हणतात. मले कोणी काहीच म्हणत नाई. तुमी हे ताट सरकवलं ना, तर मी समजीन... मीच मारलं."

आता बोला! पंचवीस वर्षं पोरांना सांगतोय, विचार करा, प्रश्न सुटतो. नागसेनला म्हटलं, मशीन मीट. शेवटी पाटावर बसलो. म्हटलं, वहिनी, रांधलं तुम्ही, सोडा ढवळला मी. दोघांनाही माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आणि मी वाटी सरकवली. ताट नाही, वाटी. वड्यांतच माझे तिन्ही चमचे संपले होते, रात्रीला कोरडी भाकरी खाईन म्हटलं. शेवटच्या शितापर्यंत जेवलो. हात धुतले आणि म्हटलं, चला, आता हात पुढे करा. पहिल्यांदाच आधी ताट, मग दाब.

नागसेननं दोनदा मोजला. तिसऱ्यांदा मोजला. मग नुसतं "सर..." म्हणाला. दोनशे, आणि खालचा एकशे दहा.

"मले काय झालं?" वहिनी म्हणाली. "मले तर कोणी इचारलंच नाई."

सगळा तालुका फिरलो हो मी ते मशीन घेऊन. शेजारच्या दारात गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तिला इथं आणलं. डॉक्टरबाईंनी तीच यादी तिला सांगितली. मी दमायचो ऐकताना, वहिनीनं एकदाही मान खाली घातली नाही, सगळं ऐकलं, आणि घरी येऊन माझ्या खिशातला चमचा काढून घेतला! आता दोन्ही घरचं तेल तिच्या हातात. रोज पहाटे पाचला माझ्या दाराची कडी वाजते. ती पुढं, मी मागं. "भाऊजी, बोलू नका, चाला!" म्हणून तर हे सगळं तुम्हाला सांगतोय, दुसरीकडे मला बोलू कोण देतं? परवा म्हटलं, वहिनी, दिवसाला तीन चमचे आहेत, तुम्ही दोनच देता. तर म्हणे, "तीन साऱ्या लोकांले. तुमी चोरून शेव खाता."

काय वाजले हो तुमच्या घड्याळात? म्हणजे पंधरा मिनिटं झाली तिला आत जाऊन. दाब मोजायला लागतात दोन मिनिटं, गोळ्या लिहायला एक... उरलेली बारा मिनिटं, तुम्हाला सांगतो, आत माझ्या शेवेचंच गाऱ्हाणं चाललंय.