बनवणारीलाही न सोडणारी भाषा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते.

"संगणकाची अख्खी भाषा बनवलीस, मग तोंड पाडून का बसलीस?"

"बाबा, एका तऱ्हेच्या भाषेत पायरीपायरीनं हुकूम द्यायचे, दुसरीत गणितासारखी सूत्रं मांडायची. मी दोन्ही तऱ्हा एकत्र नांदवल्या."

"जावा-जावा एका चुलीवर! भांडत नाहीत?"

"नियम कडक आहेत. भलतं भलत्यात मिसळूच देत नाहीत. आणि आज एका रुग्णालयाच्या मंडळींसमोर भाषा दाखवताना मीच घाईत औषधाच्या वजनात मिनिटं मिळवली. भाषेनं मला तिथंच अडवलं."

"मग नाकारली?"

"नाही, औषध देणाऱ्या यंत्रासाठी घेतली. म्हणाले, बनवणारीलाही सोडत नाही, तीच हवी. पण माझी शोभा झाली ना!"

बाप माझ्याकडे वळला.

"आजोबा, ऐकलंत? माझ्या लेकीची भाषा लेकीचीसुद्धा भीड ठेवत नाही!"