दाभाडे स्वतः गातात तेव्हा

कलकत्त्यात एस्प्लनेडला डमडमच्या बससाठी उभ्या असलेल्या सरलाबाईंच्या कानावर मागून चक्क मराठी आलं. आई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, पहिल्यांदाच.

“अहो, दाभाड्यांनी गाणी लिहावीत, गाऊ नयेत. दात पडलेत, दम पुरत नाही.”

“गायिकांनी त्याची गाणी सुरेख गायलीत, कबूल. पण तो स्वतः म्हणतो ना, तेव्हा पलीकडच्या खोलीत घरचंच कुणी गुणगुणतंय असं वाटतं.”

“आणि रेकॉर्डच्या मागच्या बाजूला दुसऱ्यांची गाणी म्हटलीयत, ती?”

“तिथं बिचारा पाहुण्यासारखा अवघडून बसलाय. पण ते दिवेलागणीचं गाणं ऐकलंस? आमची आई कणीक मळताना म्हणायची. अंतऱ्यात एका जागी घसरायची.”

“गायिकेच्या रेकॉर्डमध्ये तसं नाहीये.”

“म्हणून तर आम्ही भावंडं जन्मभर हसलो तिला. काल ऐकलं, तोही अगदी तिथंच तसाच उतरतो.”

“उतरतो म्हणजे कसा?”

“हे बघ, असं.”

“अहो, हळू म्हणा! लोक बघतायत.”

“बघू देत. इथं कुणाला कळतंय मराठी?”

डमडमची तिसरी बस निघून गेली. सरलाबाई पाठमोऱ्याच उभ्या होत्या.