उघड्या फ्रिजसमोरचे पाहुणे

एका मुलीचे चालून आलेले स्थळ माझ्या सल्ल्यामुळे मोडले, हे तुम्हांला मी कधी सांगितले नसेल.

कुरुंद्याला आमचे शेजारी माणिकराव यांनी नुकताच फ्रिज घेऊन बैठकीत ठेवला होता. ऐन मे महिन्यात बाळापूरचे पाहुणे त्यांच्या रेणुकाला पाहायला येणार होते. तिला बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष पुरे करायचे होते. वडिलांना त्याच लगीनसराईत कार्य उरकायचे होते.

"गुरुजी, बैठक थंड कशी ठेवावी?" माणिकरावांनी मला विचारले.

"फ्रिजचे दार सताड उघडे ठेवा आणि खिडक्या लावून घ्या," मी अधिकारवाणीने सांगितले.

"बराबर हाय गुरुजींचं," रेणुका म्हणाली आणि खिडक्या तिनेच लावल्या.

पाहुणे आले आणि अर्ध्या तासात घामाने निथळू लागले. मुलाची आई म्हणाली, "काहून एवढं उकडून राहिलं? फ्रिज हाय का भट्टी?" पोहे तसेच टाकून मंडळी उठली, ती पुन्हा फिरकली नाही.

संध्याकाळी रेणुका अभ्यास करीत बसली होती. मी खजील होऊन तिला बैठक तापण्याचे कारण विचारले.

"फ्रिज थंडी तयार करत न्हाई, गुरुजी. पोटातली उष्णता उपसून मागच्या जाळीतून खोलीत टाकतो. दार उघडं ठेवलं की विहिरीचं पाणी उपसून त्याच विहिरीत ओतल्यासारखं. वरून जेवढी वीज खातो, तिचीबी उष्णता खोलीतच राहते."

"हे तुला आधीच ठाऊक होते?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, "वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू न्हाई, हे तुमीच शिकवलंत की."