चिठ्ठीवर नाव कोणाचं होतं

…नाही पण तुम्हीच सांगा, चिठ्ठी वाचायला मलाच का बसवलं? आधीच माफी मागतो, हे लिहून आणलंय, ऱ्हस्वदीर्घ चुकले असतील, शब्दही साधेच, सातवीत शाळा सोडून केळीच्या बागेत कामाला गेलो… पण आमच्या वॉर्डात सातवी म्हणजे वकीलच हो!

तुम्हाला सांगतो, मागल्या पंचायतीला, चौऱ्याऐंशीत, वॉर्डाच्या एका जागेसाठी उखर्डूभाऊ आणि झुलालभाऊ, सख्खे साडू, त्यांनी एकमेकांची डोकी फोडली. म्हणून यंदा वॉर्डातले सगळ्यात वडीलधारे जीवराम आबा म्हणाले, "मतदान नको न भांडन नको! साऱ्या मान्साबायांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाका. ज्याची निघंल त्यानंच फॉर्म भरायचा, दुसऱ्यानं नाही!" चिठ्ठ्या मी लिहिल्या. आबांनी मारुतीसमोर डोळे मिटून एक काढली, माझ्या हातात दिली. मी फक्त वाचायला बसलो होतो हो!

उघडली… आणि माझंच नाव! माझ्याच अक्षरात! अहो, चारचौघांत मला साधं खोकता येत नाही, पंचायतीत काय बोलणार? "वाच ना रे भो, का मुहूर्त पाहतो?" उखर्डूभाऊ ओरडले. समोर धुरपदाअक्का, दिवसभर केळीचे घड वाहून दमलेल्या, डोक्यावरची चुंबळ मांडीवर घेऊन बसलेल्या… तोंडातून निघूनच गेलं, "धुरपदाबाई!" आणि चिठ्ठी? गिळली! हसू नका, शाईची चव अजून जिभेवर आहे.

वाटलं, अक्का नको म्हणतील, दुसरी काढू. तर त्या उठल्या, पदर सावरला, डोळ्यांत पाणी! "माह्यं नाव? तीस वर्सं झाले, सारे मले 'ए घडवाली' म्हंतात… पुन्हा एकडाव वाच बरं, भाऊ."

पुन्हा वाच! चिठ्ठी पोटात! दोन्ही तळहात पोथीसारखे धरले आणि रिकाम्या हातावरून वाचलं. मान वर झाली नाही. मी फक्त वाचायला बसलो होतो…

दुसऱ्या दिवशी सकाळीच खरं सांगायला त्यांच्या दारात गेलो. "अक्का, काल मी…" तर त्या लेकीच्या लग्नातलं लुगडं नेसून तयार! "बरं झालं आला. चाल यावलले फॉर्म भराले, एसटी जाईन."

गेलो. कचेरीत त्यांचा फॉर्म मीच भरला. साहेबांनी विचारलं, "सूचक कोण? बाईंचं नाव कोणी सुचवलं?"

अक्का म्हणाल्या, "देवानं."

"देव मतदारयादीत नाही, बाई. सही कोणाची घेऊ?"

मग काय करणार… खाली मान घालून केली मीच.